स्पिरिट लेक: पाणी काळं का पडलं आणि बोगद्याचं भांडण कुठून आलं

ज्वालामुखी फुटला की जवळच्या तळ्याचं पाणी ॲसिड होणार, असं आपण धरूनच चालतो. काही ठिकाणी होतंही तसं, रशियातल्या कामचात्काच्या कारिम्स्की तळ्याचं 1996 मध्ये तेच झालं, मासे साफ. पण वॉशिंग्टन राज्यात सेंट हेलेन्स ज्वालामुखीच्या पायथ्याला असलेल्या स्पिरिट लेकची केस वेगळी आहे. तिथे पीएच (पाणी किती ॲसिड ते सांगणारा आकडा, सातच्या जितका खाली तितकं ॲसिड जास्त) सातच्या थोडा वर होता तो सहाच्या आसपास आला, बस. खरी वाट लावली ती जंगलाने.

तळं मुळात जुन्या उद्रेकांच्या मलब्याने नदी अडून झालेलं, पाणी एकदम नितळ. 18 मे 1980 ला डोंगराची उत्तर बाजू ढासळली, त्यातला बराच माल तळ्यात गेला, पाणी उसळून समोरच्या उतारावर 250 मीटरच्या वर चढलं आणि परत येताना झाडं, माती, पाला सगळं घेऊन आलं. तळ भरला, पातळी 60 मीटरने वर, पाणी तिशीच्या पुढे गरम. म्हणजे अख्ख्या जंगलाचा काढाच की! बॅक्टेरियाची चंगळ झाली, त्यांनी ऑक्सिजन खाऊन टाकला, आणि ऑक्सिजन नाही म्हटल्यावर लोह न् मँगनीज पाण्यात विरघळूनच राहिलं, खालून मिथेनचे बुडबुडे, वर काळं पाणी. मग पाऊस, वितळलेला बर्फ, हिवाळ्यात होणारी वरखाली घुसळण, यांनी चारेक वर्षांत ऑक्सिजन परत आणला.

इथवर सगळे खूश असतात, "बघा, निसर्गाने स्वतःच सावरलं". पण याच काळात तळ्याची बाहेर जायची वाट मलब्याने बुजलेली होती, पातळी चढत होती, आणि तो कच्चा बांध फुटला असता तर टूटल नदीच्या खालच्या अंगाची गावं गेली असती. म्हणून 1982 ला तराफ्यावर पंप लावून उपसा सुरू केला आणि 1985 पर्यंत डोंगरातून 2.6 किलोमीटरचा बोगदा काढला. गंमत म्हणजे त्याच 1982 मध्ये हा भाग राखीव केला, का तर इथे निसर्गाला त्याच्या गतीने चालू द्यायचं. बोगदा हवाच होता, त्यावर माझा वाद नाही. पण तळ्याची पातळी तेव्हापासून माणूस ठरवतोय, आणि पातळीवर काठची उथळ जागा ठरते, हे सोयीस्कर विसरलं जातं. 1993 ला तळ्यात ट्राउट मासे सापडले तेही बहुतेक कुणीतरी गुपचूप सोडलेले.

बोगद्यावर डोंगराचा दाब येतो, दुरुस्त्या चालूच असतात. आता तोंडाचं गेट बदलायचं तर अवजड यंत्रं न्यायला रस्ता हवा, आणि तो आखलाय नेमका त्या प्यूमिसच्या (ज्वालामुखीतून पडलेल्या हलक्या, सच्छिद्र दगडाच्या) पठारावरून जिथे संशोधक 1980 पासून मोजमापं घेतायत. भांडण आहे ते या रस्त्यावरून, आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं.