कोडशेअर आणि वेट लीज: तिकिटावर एक नाव, विमानावर दुसरं

तिकीट एका कंपनीचं आणि गेटवर उभं विमान दुसऱ्याच कंपनीचं, हा प्रकार आता नवा राहिलेला नाही. मुलांकडे युरोप-अमेरिकेला निघालेले नाशिककर तर हे हमखास अनुभवतात. नाव एक, रंग दुसरा, आणि कधी कधी आतली घोषणा करणारा आवाज तिसऱ्याच देशातला. लोक याला सरसकट 'टायअप' म्हणतात आणि विषय संपवतात. पण यामागे दोन अगदी वेगळे व्यवहार असू शकतात. पहिला कोडशेअर, दुसरा वेट लीज. कोडशेअरमध्ये कंपनी दुसऱ्याच्या विमानावर आपला फ्लाइट नंबर लावते. वेट लीजमध्ये दुसऱ्याचं विमान आणून ते आपल्या नंबरावर उडवते. सामान हरवलं तर कुणाकडे जायचं हे यावर ठरतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, नाशिकसारख्या शहराच्या पदरात नेमकं काय पडलं हेही यावरच ठरतं.

कोडशेअरचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. २०१९ नंतर ओझरहून, म्हणजे नाशिकच्या विमानतळावरून, अलायन्स एअरची एटीआर ही पंख्यांची छोटी विमानं अहमदाबाद आणि हैदराबादला जात होती. अलायन्स एअर तेव्हा एअर इंडियाची उपकंपनी होती. त्यामुळे तिकीट एअर इंडियाच्या वेबसाइटवर निघायचं आणि फ्लाइट नंबरही 'एआय' अक्षरांनी सुरू व्हायचा. विमान, वैमानिक, केबिन क्रू मात्र अलायन्सचे. २७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली आणि अलायन्स एअर सरकारकडेच राहिली. मग १५ एप्रिल २०२२ पासून तिचं बुकिंग वेगळं झालं, नंबर 'नाइन-आय' ने सुरू होऊ लागले. उडणारी विमानं तीच आणि वैमानिकही तेच होते. बदललं ते तिकीट विकणाऱ्याचं नाव, आणि अडचण आली तर फोन कुणाला करायचा ते.

परदेशी कंपन्यांबरोबरचा कोडशेअर याच तत्त्वावर चालतो. इंडिगोचा टर्किश एअरलाइन्स, कतार एअरवेज, क्वांटास, एअर फ्रान्स-केएलएम यांच्याशी असा करार झालेला आहे. ॲमस्टरडॅमहून येणाऱ्या माणसाच्या तिकिटावर दोन्ही टप्प्यांना केएलएमचा 'केएल' नंबर असू शकतो, आणि तरी भारतातला दुसरा टप्पा तो इंडिगोच्या निळ्या विमानातून करतो. विमानतळावरच्या बोर्डवर एकाच वेळेला, एकाच गेटवर तीन-तीन फ्लाइट नंबर आळीपाळीनं दिसतात ते यामुळेच. नंबर तीन असले तरी विमान एकच असतं, आणि १८६ आसनांच्या विमानात आसनं १८६ च राहतात. कोडशेअरनं आकाशात एकही जादा खुर्ची येत नाही. असलेल्या खुर्च्या अधिक दुकानांतून विकल्या जातात, इतकंच.

आता लीज. इथे आधी एक गैरसमज दूर करायला हवा. 'भाड्याचं विमान' ऐकलं की काहींना कंपनीची परिस्थिती बेताची वाटते. तसं नाही. भारतातली बहुसंख्य प्रवासी विमानं भाड्याचीच आहेत, अगदी सुस्थितीतल्या कंपन्यांचीही. आयर्लंडसारख्या देशांतल्या कंपन्या विमानं विकत घेऊन जगभर भाड्यानं देतात. या नेहमीच्या व्यवहाराला ड्राय लीज म्हणतात. फक्त विमान भाड्यानं यायचं, वैमानिक, देखभाल, विमा, परवाना सगळं आपलं. असं विमान भारतात नोंदलं जातं आणि त्याच्या शेपटीजवळ 'व्हीटी'नं सुरू होणारी अक्षरं असतात. प्रवाशाला त्यात काहीच वेगळं जाणवत नाही.

वेट लीजमध्ये विमानाबरोबर वैमानिक, केबिन क्रू, देखभाल आणि विमाही मालकाकडून येतो. भाड्यानं घेणारी कंपनी इंधन आणि विमानतळांचे आकार भरते, तिकिटं विकते आणि विमान आपल्या वेळापत्रकावर उडवते. या दोन्हींच्या मधला प्रकार म्हणजे डॅम्प लीज: विमान, वैमानिक आणि देखभाल मालकाची, केबिन क्रू पूर्ण किंवा बराचसा भाडेकरू कंपनीचा. नाशिक-पुणे रस्त्यावर एसटीच्या भाडेतत्त्वावरच्या शिवशाहीनं प्रवास केलेल्याला हे लगेच उमगेल. बस खासगी मालकाची, ड्रायव्हर त्याचाच, कंडक्टर एसटीचा आणि तिकीटही एसटीचंच.

इंडिगोनं २०२३ मध्ये दिल्ली-इस्तंबूल मार्गावर टर्किश एअरलाइन्सची बोइंग ७७७ अशाच डॅम्प लीजवर आणली. २०२५ च्या जुलैत मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅम सुरू केलं ते नॉर्स अटलांटिक या नॉर्वेच्या कंपनीच्या बोइंग ७८७ वर. ही विमानं भारतात नोंदलेली नाहीत. टर्कीची विमानं 'टीसी' अक्षरांची, नॉर्वेची 'एलएन' अक्षरांची. जिन्यावरून चढताना शेपटीकडे नजर टाकली की विमान कुठल्या देशाच्या नियामकाच्या नोंदीत आहे ते कळतं. अशा विमानांना आपला विमान वाहतूक नियामक, म्हणजे डीजीसीए, ठरावीक महिन्यांचीच परवानगी देतो आणि मुदत संपली की कंपनीला ती नव्यानं मागावी लागते. हा तात्पुरता उपाय आहे, हे धोरणातच गृहीत आहे.

कंपन्या हा महागडा मार्ग का धरतात? नवं विमान आज मागितलं तर मिळायला वर्षं लागतात. त्यातच प्रॅट अँड व्हिटनी इंजिनांच्या दोषामुळे इंडिगोची डझनावारी ए३२० निओ विमानं तपासणीसाठी जमिनीवर होती. गो फर्स्टनं तर २०२३ च्या मे महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज करताना याच इंजिनांकडे बोट दाखवलं. हातातली विमानं उभी आणि प्रवासी वाढते, अशा वेळी वैमानिकासकट येणारं विमान हाच लवकरात लवकर मिळणारा पर्याय असतो.

गंमत अशी की इंडिगो आणि टर्किश यांच्यात कोडशेअरही होता आणि विमानांचा भाडेकरारही. गोंधळाचं मूळ इथेच आहे. त्याच दोन कंपन्या, तोच इस्तंबूल, पण दिल्ली-इस्तंबूल टप्प्यावर इंडिगो टर्किशचं विमान स्वतःच्या नंबरावर उडवत होती, आणि इस्तंबूलच्या पुढच्या टप्प्यावर टर्किशच्या स्वतःच्या फ्लाइटवर इंडिगोचा नंबर लागत होता. पहिल्या टप्प्यात फ्लाइट इंडिगोची, दुसऱ्यात टर्किशची. एकाच प्रवासात, एकाच लाल-पांढऱ्या रंगाच्या दोन विमानांत, दोन वेगळे कायदेशीर संबंध.

प्रवासी म्हणून याचा अर्थ काय? कोडशेअरमध्ये चेक-इन साधारणपणे प्रत्यक्ष विमान उडवणाऱ्या कंपनीच्या काउंटरवर होतं. तिकिटावर बारीक अक्षरात 'ऑपरेटेड बाय' लिहिलेलं असतं, ते नाव पाहून काउंटर आणि टर्मिनल शोधायचं. मुंबईत टर्मिनल चुकलं तर एकातून दुसऱ्यात जायला रस्त्यानंच जावं लागतं आणि त्यात वेळ मोडतो. जेवण, सीटची निवड, सामानाचं वजन यांतही तिकीट विकणाऱ्या आणि उडवणाऱ्या कंपनीचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून तिकिटावर छापलेलं वजनच खरं मानावं. वेट किंवा डॅम्प लीजमध्ये असं दुहेरीपण नाही. काउंटर, नियम, कस्टमर केअर सगळं तिकीट विकणाऱ्या कंपनीचंच. फक्त विमान आणि वैमानिक पाहुणे, वेट लीज असेल तर केबिन क्रूही.

नुकसानभरपाईचं म्हणाल, तर आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो आणि भारत २००९ पासून त्यात आहे. ज्यानं तिकीट दिलं तो आणि ज्यानं प्रत्यक्ष नेलं तो, असे दोन वाहक हा करार मानतो आणि प्रवाशाला दोघांपैकी कुणाकडेही दावा करू देतो. म्हणून कोडशेअरच्या प्रवासात 'ते आमचं विमान नव्हतं' हे उत्तर ऐकून परत फिरू नका. मोडलेल्या बॅगेची लेखी तक्रार ७ दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या बॅगेची २१ दिवसांत करावी लागते. पहिली नोंद मात्र शेवटच्या टप्प्यावर आणणाऱ्या कंपनीच्या काउंटरवर, विमानतळ सोडायच्या आत झालेली बरी.

इंटरलाइन हा शब्दही याच गर्दीत कानावर पडतो. त्यात दोन कंपन्या एकमेकींची तिकिटं आणि सामान स्वीकारतात, पण नंबर ज्याचा त्याचाच राहतो. कोडशेअरपेक्षा सैल नातं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता शहराचं बोलू. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती इथे. 'नाशिक आता जगाशी जोडलं' अशा बातम्या अधूनमधून येतात आणि आपण आनंदानं पुढे पाठवतो. त्यांतल्या कित्येक बातम्या कोडशेअरच्या असतात. ओझरहून बंगळूरूला जाणाऱ्या फ्लाइटला पुढे परदेशी कंपनीचा नंबर जोडला जातो, तिकीट एक होतं, सामान पुढे जातं. ही सोय खरी आहे, पासष्टीतल्या आईवडिलांसाठी तर फार मोठी आहे. पण ओझरच्या धावपट्टीवर त्यानं एकही नवं विमान उतरत नाही. आणि आपली दुखरी जागा कायम विमानांची राहिली आहे.

ओझरचा विमानतळ हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा. १९६४ पासून इथे मिग बांधले गेले, पुढे सुखोई. धावपट्टी ३ किलोमीटरची, टर्मिनल २०१४ पासून तयार. तरी प्रवासी सेवा येत-जात राहिली. २०१७ च्या डिसेंबरात उडान या छोट्या शहरांसाठीच्या सरकारी विमानसेवा योजनेत एअर डेक्कन छोट्या बीचक्राफ्ट विमानांनी आली आणि टिकली नाही. २०१८ च्या जूनमध्ये जेट एअरवेजनं दिल्ली सुरू केली. तिचं उदाहरण नीट पाहावं. जेटकडे भागीदाऱ्यांची कमतरता नव्हती: एतिहाद तर भागधारकच, शिवाय एअर फ्रान्स-केएलएम आणि डेल्टाशी कोडशेअर. कागदावर नाशिकहून एका तिकिटात ॲमस्टरडॅम गाठता आलं असतं. पण भाडं थकलं, मालकांनी विमानं एकेक करून जमिनीवर आणली आणि १७ एप्रिल २०१९ ला कंपनीच थांबली. मोठ्या मोठ्या नावांचे नंबर जोडलेले होते, उडायला विमान नव्हतं.

त्यानंतर अलायन्स एअर आली, आणि २०२१ च्या जानेवारीत स्टार एअरनं ५० आसनांच्या एम्ब्रेअर विमानानं बेळगाव जोडलं. उडानमध्ये मार्गाला ठरावीक काळच अनुदान मिळतं. ती मुदत संपली आणि २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोघींची सेवा थांबली. विमानं छोटी, संख्येनं मोजकी, आणि ती जिथे आधार मिळेल तिथे जातात. २०२३ च्या मार्चात इंडिगो ७८ आसनांची एटीआर घेऊन गोवा, अहमदाबाद, नागपूरसाठी आली. ज्या कंपनीच्या ताफ्यात अशी काही डझन विमानं आहेत, तिला एखादं बिघडलं तर दुसरं पाठवता येतं. माझ्या मते नाशिकला गेल्या काही वर्षांत मिळालेलं स्थैर्य या ताफ्यामुळे आहे.

म्हणून विमानसेवेची बातमी वाचताना दोन गोष्टी शोधाव्यात. विमान कोणत्या जातीचं आणि ते रात्री कुठे मुक्कामाला. ओझरला मुक्कामी असलेलं विमान सकाळी सहा-सातला निघू शकतं आणि मुंबईला रस्त्यानं न जाता दिल्ली-बंगळूरूचं कनेक्शन गाठता येतं. दुसऱ्या शहरातून येऊन परत जाणारं विमान त्या शहराच्या सोयीनं येतं, आणि तिकडे उशीर झाला की इथे रद्द होतं. या प्रश्नांचं उत्तर भागीदारीच्या पत्रकात नसतं, ते ताफ्याच्या पत्रकात असतं.

सिंहस्थाच्या तयारीत याचा विचार आत्ताच व्हायला हवा. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमृतस्नानं आहेत आणि देशभरातून लोक नाशिक-त्र्यंबकेश्वरला येतील. ही गरज मोठी, पण काही आठवड्यांची. कुठलीही कंपनी त्यासाठी नवं विमान विकत घेणार नाही आणि कोडशेअरनं एकही जादा फेरी निघणार नाही. हजच्या हंगामात जगभर वैमानिकासकट विमानं भाड्यानं आणली जातात. सिंहस्थासाठी तोच मार्ग व्यवहार्य आहे. वेट लीजची परवानगी, ओझरला उभं राहायला जागा आणि लष्करी उड्डाणांमधून मिळणाऱ्या वेळा, या तीन गोष्टींवर हिंदुस्थान एरोनॉटिक्स, डीजीसीए आणि राज्य सरकारनं कंपन्यांबरोबर निदान वर्षभर आधी बसायला हवं, कारण पावसाळ्यातल्या ऐन हंगामात भाड्याची विमानंही शिल्लक मिळतीलच असं नाही.