पाऊस निघाला की सोलापुरात पाऊस येतो

सप्टेंबर लागला की सोलापुरात सगळ्यात आधी बदलते ती संध्याकाळ. उकाडा तसाच असतो, गणपतीच्या मांडवात दहा मिनिटं बसलं तरी सदरा पाठीला चिकटतो, पण ऑगस्टच्या सुरुवातीला सात वाजता जो उजेड असायचा तो आता नसतो. १ सप्टेंबरला इथे सूर्य साधारण ६ वाजून ४० मिनिटांनी मावळतो, ३० सप्टेंबरला ६ वाजून १६ मिनिटांच्या आसपास. महिन्याभरात संध्याकाळची चोवीस मिनिटं गेली. सकाळी मात्र कुणाच्या काही लक्षात येत नाही, कारण सूर्योदय महिनाभर सव्वासहाच्या आगेमागेच घुटमळतो, चार मिनिटं इकडेतिकडे.

दिवस लहान होतोय तर तो दोन्ही टोकांनी सारखा आखडायला हवा. तसा तो आखडतोही. या महिन्यात दिवस रोज साधारण एक मिनिटाने, म्हणजे एकूण अठ्ठावीसेक मिनिटांनी कमी होतो. चौदा मिनिटं सकाळच्या बाजूने, चौदा संध्याकाळच्या. पण त्याच वेळी मध्यान्हसुद्धा सरकत असते. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे सूर्य डोक्यावरून जाण्याची वेळ घड्याळाशी वर्षभर जमवून घेत नाही. सोलापुरात ती सप्टेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून २६ मिनिटांना असते आणि शेवटी १२ वाजून १६ मिनिटांवर येते. या दहा मिनिटांनी सकाळचा उशीर चौदावरून चारवर आणला आणि संध्याकाळची घाई चौदावरून चोवीसवर नेली. ऋतू पालटल्याची ही खूण हवामानाची नाहीच, निव्वळ खगोलाची आहे. आणि म्हणूनच ती दरवर्षी वेळेवर येते. पुढच्या खुणांचं तसं नाही.

ऊन घ्या. सप्टेंबरात ढग फाटले की जे ऊन पडतं ते पावसाळ्यानंतरचं म्हणून सौम्य असेल अशी अपेक्षा असते आणि ते तर कातडी भाजतं. सोलापूर १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो: ११ मेच्या सुमारास आणि पुन्हा २ ऑगस्टच्या सुमारास. मेमधल्या शून्य सावलीच्या दिवशी शाळांतून काठ्या उभ्या करून प्रयोग होतात. ऑगस्टमधला दिवस ढगांत वाहून जातो, त्याला कुणी विचारत नाही. सप्टेंबरच्या मध्याला दुपारचा सूर्य ७५ अंश उंचीवर असतो, मार्चअखेरीला असतो तेवढाच. सावली देणारे ढग हटले की मार्चअखेरचं ऊन सप्टेंबरात लागणार, हे सरळ आहे. फक्त जमीन ओली असते म्हणून पारा मार्चएवढा चढत नाही. ओल्या जमिनीवर पडलेल्या उन्हाची बरीच शक्ती पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, हवा तापवायला कमी उरते. ऑक्टोबरात रान वाळत जातं, तसा हा खर्च घटतो आणि आपण ज्याला ऑक्टोबर हीट म्हणतो ती सुरू होते. परतीचा पाऊस चांगला झालेल्या वर्षी ही हीट थोडी नरम का असते, तेही यातच आलं.

आता मुख्य गोष्ट. सोलापुरात सर्वाधिक पाऊस कोणत्या महिन्यात पडतो, असं बाहेरच्या माणसाला विचारलं तर तो जुलै म्हणेल. सरासरी पाहिली तर उत्तर सप्टेंबर आहे. ज्या महिन्यात राजस्थानातून मोसमी पाऊस परत फिरतो, त्याच महिन्यात तो सोलापूरला सगळ्यात जास्त देतो. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये जुन्या तारखा बदलल्या. पश्चिम राजस्थानातून माघार सुरू होण्याची सर्वसाधारण तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली, देशातून पूर्ण माघार १५ ऑक्टोबरला धरली जाते. आपला हंगाम नेमका या दोन तारखांच्या मध्ये आहे.

जुलैत काय घडतं? अरबी समुद्रावरून येणारे पश्चिमेचे वारे तेव्हा भरात असतात. ते सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस ओततात. घाट उतरून तीच हवा खाली येताना दाबली जाते, तापते, कोरडी पडते. दोनशेहून जास्त किलोमीटर अलीकडे सोलापुरात पोचतात ते पळते ढग, भणाणणारा वारा आणि भुरभुर. दिवसभर आभाळ भरलेलं आणि रस्ता जेमतेम ओला, हा आपला जुलै. सोलापूरचा वर्षाचा पाऊस साधारण सातशे मिलिमीटरच्या घरात जातो, तो या वाऱ्यांच्या जिवावर जाणं शक्यच नाही.

सप्टेंबरात पश्चिमेचे वारे दमतात. उत्तरेत गंगेच्या खोऱ्यावर पसरलेला कमी दाबाचा पट्टा विस्कटत दक्षिणेकडे सरकतो. बंगालच्या उपसागरात तयार होणारी कमी दाबाची क्षेत्रं जुलै-ऑगस्टमध्ये ओडिशावरून मध्य प्रदेशाकडे जायची, ती आता आंध्र, तेलंगण, उत्तर कर्नाटक या वाटेने पश्चिमेला येऊ लागतात. या वाटेवर सह्याद्रीसारखी भिंत नाही. पूर्व घाट तुटक आहे, कृष्णा आणि गोदावरीच्या मुखांपाशी तर तो जवळजवळ नाहीच. समुद्राचं बाष्प अडथळ्यावाचून पठारावर येतं. म्हणून इथला जाणता शेतकरी सप्टेंबरात पश्चिमेकडे बघत नाही. “वारं फिरलंय, आता खालच्या अंगानं येतंय,” असं तो म्हणतो तेव्हा त्याचा हात अक्कलकोटच्या, म्हणजे पूर्वेच्या दिशेला असतो.

ही वाट कधीकधी जास्तच मोकळी सापडते. १३ ऑक्टोबर २०२० रोजी काकिनाड्याजवळ किनारा ओलांडलेलं तीव्र कमी दाबाचं क्षेत्र हैदराबादला बुडवून पुढच्या दिवशी सोलापूर जिल्ह्यावर आलं. पंढरपूरपासून अक्कलकोटपर्यंत पाणीच पाणी झालं. २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस सीना नदीला आलेला महापूरही याच काळातला. अवर्षणप्रवण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याचे मोठे पूर शरदाच्या तोंडावर यावेत, यात विसंगती वाटते खरी, पण पाणी पूर्वेकडून येतं हे लक्षात घेतलं की ती उरत नाही.

या पावसाचा स्वभावही वेगळा. जुलैचा पाऊस मुका असतो. सप्टेंबरचा गडगडाट करत येतो आणि बहुधा दुपारी तीननंतर. ढगात वीज तयार व्हायला बर्फ लागतं. आपल्याकडे हवा शून्य अंशाला पोचते ती साधारण पाच किलोमीटर उंचीवर. जुलैचे पसरट ढग बरेचदा तिथवरच थांबतात, त्यांच्यात पाण्याचे थेंब एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि गुपचूप खाली येतात. सप्टेंबरात सकाळी ऊन, तापलेली ओली जमीन आणि वरच्या थरात कमी झालेला वारा, असा योग जुळतो. गरम दमट हवेचे लोट सरळ उभे चढतात, ढगाचा माथा बारा-पंधरा किलोमीटरवर जातो. त्या उंचीवर बर्फाचे बारीक स्फटिक आणि गारांसारखे मऊ गोळे एकमेकांवर आपटतात. या आपटण्यात विद्युतभाराची वाटणी होते: हलके स्फटिक धनभार घेऊन माथ्याकडे जातात, जड गोळे ऋणभार घेऊन मधल्या भागात राहतात. भार वाढत जातो आणि शेवटी वीज पडते. दुपारी एकला पांढरा शुभ्र कोबीच्या गड्ड्यासारखा दिसणारा ढग तीनला तळाशी काळाशार झाला आणि त्याचा माथा सपाट पसरू लागला, तर रानातून बाहेर पडायची वेळ झाली समजावं. लिंबाच्या झाडाखाली थांबू नये, हे दरवर्षी सांगावं लागतं आणि दरवर्षी कुणीतरी थांबतं. विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर असलेलं बरं.

सोलापूरच्या ढगांकडे शास्त्रज्ञांचं लक्ष गेलं तेही पर्जन्यछायेमुळेच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात इथे कृत्रिम पावसाचे प्रयोग केले, शहराबाहेर रडार बसवलं, विमानांतून ढगांत ओलावा शोषणारे मिठाचे कण सोडले आणि २७६ ढग अभ्यासले. हे बीज पेरलेल्या ढगांच्या वाऱ्याच्या दिशेला सुमारे शंभर चौरस किलोमीटर भागात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस झाला, असा निष्कर्ष निघाला. अर्थात ढग मुळात असावा लागतो. कोऱ्या आभाळात विमान उडवून काही पडत नाही, ही बारीकशी अट राजकीय घोषणांत सहसा गळते.

मग एखाद्या पहाटे दव दिसतं. मोटारसायकलच्या सीटवर हात फिरवला तर ओला होतो आणि रात्री पाऊस तर पडलेला नसतो. सीट, तुरीचं पान, पत्रा या वस्तू रात्री आपली उष्णता अवकाशाकडे सोडत असतात. ढगाळ रात्री ढग त्यातली बरीच परत खाली पाठवतात. आभाळ निरभ्र झालं की परतफेड थांबते आणि या वस्तू आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड पडतात. पहाटे हवा २२ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर पान हवेपेक्षा तीनेक अंशांनी गार झालं की त्यावर पाणी धरतं. यासाठी आभाळ कोरं पण हवा ओली, या दोन्ही गोष्टी एकदम हव्यात. पावसाळ्यात पहिली नसते, उन्हाळ्यात दुसरी नसते. आकाश निवळलंय पण बाष्प अजून हटलेलं नाही, हा मधला काळ दव नेमका दाखवतं, आणि माझ्या मते शरद आल्याची हीच सगळ्यात विश्वासू खूण आहे. द्राक्षबागायतदाराला मात्र तिचं कौतुक नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट निघालेली असते आणि पान तासन्‌तास ओलं राहिलं की डाउनी नावाचा रोग शिरतो. पहाटे दव बघून सकाळी फवारणीचा पंप काढणारे बागायतदार तुम्हाला नान्नजपासून कासेगावपर्यंत भेटतील.

पहाटे उठलाच आहात तर दक्षिणेकडे पाहा. सप्टेंबरअखेरीस उजाडण्याआधी तिथे क्षितिजापासून वीसेक अंशांवर एक ठळक पांढरा तारा असतो. तो अगस्त्य, व्याधानंतरचा रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, आपल्यापासून सुमारे ३१० प्रकाशवर्षांवर. दिल्लीहून तो क्षितिजालगत दिसतो, लंडनहून कधीच दिसत नाही. सोलापूरचं या बाबतीत बरं आहे. ऑगस्टच्या उत्तरार्धात तो पहाटेच्या आकाशात पुन्हा उगवू लागतो. अगस्त्य उगवला की गढूळ पाणी निवळतं, अशी जुनी समजूत आहे. ताऱ्याचा पाण्याशी काही संबंध नाही. ओढ्यांचा जोर ओसरून गाळ खाली बसण्याचा काळ आणि त्याच्या उदयाचा काळ एक पडतो, इतकंच. पंचांग नव्हतं तेव्हा असा मेळ लक्षात ठेवणं हेच विज्ञान होतं.

दिवसा आभाळात बघायचं तर चतुर बघा. सप्टेंबरात माळावर, सोयाबीनच्या रानावर पिवळसर चतुरांचे थवेच्या थवे घिरट्या घालतात. त्यांत मोठा वाटा ‘पँटाला फ्लॅवेसेन्स’ या जातीचा. साडेचार-पाच सेंटिमीटरचा हा किडा पावसाच्या डबक्यांत अंडी घालतो आणि डबकं आटायच्या आत दीड-दोन महिन्यांत पिल्लं पंख फुटून बाहेर पडतात. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांच्या लक्षात आलं की गोड्या पाण्याचं जवळपास नावही नसलेल्या त्या बेटांवर दर ऑक्टोबरात लाखो चतुर उतरतात. हे चतुर भारतातून निघून, मालदीव आणि सेशेल्समार्गे, उंचावरच्या ईशान्य वाऱ्यांवर स्वार होऊन पूर्व आफ्रिकेपर्यंत समुद्र ओलांडतात, असं त्यांनी २००९ मध्ये मांडलं. पाऊस जसा दक्षिणेकडे सरकतो तसे तेही त्याच्या मागून सरकतात. मध्य आशियातून इकडे येतात ते भोवत्या नावाचे शिकारी पक्षी. ऑक्टोबरात ते नान्नजच्या गवताळ माळावर उतरतात, कारण गवत तेव्हा नाकतोड्यांनी भरलेलं असतं.

आणि या सगळ्याचा हिशेब शेवटी काळ्या रानात होतो. मोसमी पाऊस परतला हे ठरवायला हवामान विभागाच्या कसोट्या आहेत: वायव्य भारतात १ सप्टेंबरनंतर सलग पाच दिवस पाऊस नको, दीड किलोमीटर उंचीवर वारे घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरणारं जास्त दाबाचं क्षेत्र हवं, हवेतलं बाष्प लक्षणीय घटायला हवं. सोलापूर जिल्ह्यासाठी ही घोषणा ऑक्टोबरात होते. रब्बीच्या ज्वारीला तोवर थांबता येत नाही. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रात १९३३ पासून याच प्रश्नावर काम चाललंय. मालदांडी ज्वारीला पेरल्यानंतर आभाळातून फारसं काही मिळत नाही, ती खोल काळ्या मातीत साठलेल्या ओलीवर जगते. ती ओल भरायची उत्तरा आणि हस्ताच्या पावसाने, साधारण १३ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर या काळात. लवकर पेरलं तर जोराचा पाऊस पेरणी दडपतो, माती वरून टणक होते, कोंब बाहेर येत नाही. उशिरा पेरलं तर दुपारच्या उन्हाने वरची ओल उडून जाते. पाऊस उघडल्यावर रान वाफशावर, म्हणजे पेरण्याजोग्या ओलीवर, यायला भारी जमिनीत चार-सहा दिवस लागतात आणि तेवढ्यात पूर्वेकडून पुन्हा गडगडलं तर मोजणी नव्याने सुरू. त्यामुळे या दिवसांत मंगळवेढ्याच्या रानात पेरणीची पाभर बांधावर तयार असते आणि धनी रोज सकाळी मूठभर माती दाबून बघतो. गोळा बोटाने सहज फुटला तर बैल जुंपायचे, चिकटून राहिला तर उद्या पुन्हा.