जड तोच जिंकतो? मोझेस इटाउमाबद्दलचा एक गैरसमज

ब्रिटनचा डावखुरा हेवीवेट बॉक्सर मोझेस इटाउमा याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: खऱ्या धिप्पाड बॉक्सरांपुढे हा पोरगा टिकायचा नाही, हेवीवेटमध्ये वजनच जिंकतं.

हे खरं नाही. 18 मे 2024 ला रियाधमध्ये युक्रेनचा डावखुरा ओलेक्सांडर उसिक सुमारे 101 किलोचा होता, त्याच्यासमोरचा ब्रिटनचा टायसन फ्युरी 119. जिंकला उसिक. डिसेंबरमध्ये दोघे पुन्हा भिडले तेव्हा फरक 25 किलोंवर गेला, तरी तिन्ही पंचांनी 116-112 असा कौल उसिकलाच दिला. तिथे पाय बघा. डावखुऱ्याचा पुढचा उजवा पाय प्रतिस्पर्ध्याच्या डाव्या पायाच्या बाहेर पडला, की डाव्या हाताचा सरळ ठोसा थेट मधून घुसतो. पाय आत राहिला, तर समोरच्याचा उजवा ठोसा तोंडावर बसतो. ब्रिटनच्याच डॅनियल ड्युबॉसारख्या हेवीवेटपुढे नेमका हाच धोका आहे.

वजन मारक ठरतं ते मिठीत, म्हणजे दोघे एकमेकांना धरून ठेवतात तेव्हा. जड माणूस मानेवर रेलतो आणि समोरच्याचे पाय जड होतात.

इटाउमाबद्दलची खरी शंका वेगळी आहे, आणि ती आम्हाला गंभीर वाटते. ऑगस्ट 2025 मध्ये त्याने डिलियन व्हाइटला पहिल्याच फेरीत संपवलं. तोवरच्या 13 लढतींत 11 नॉकआउट, पण सहा फेऱ्यांपुढे तो एकदाही गेला नव्हता. म्हणून लांब लढतीतली त्याची खरी कसोटी जर्मनीचा काबायेल घेईल. तो बरगड्यांखाली मारत राहतो. फेब्रुवारी 2025 मध्ये चीनच्या अवाढव्य झांग झिलेईला त्याने सहाव्या फेरीत पोटावरच्या ठोशानेच खाली बसवलं.