डस्ट ऍलर्जीत डस्ट किती? थोडी पार्श्वभूमी

खानापूरकडच्या पावसात चार महिने वाकळा-गाद्या दमट राहतात, मग नवरात्राआधी सगळं बाहेर निघतं, कुणीतरी झटकायला घेतं आणि घरभर शिंका. बेळगावात दवाखान्यात गेलं की निदान ठरलेलं, डस्ट ऍलर्जी. नाव जुनंच आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेत घरातल्या धुळीचा अर्क काढून स्किन टेस्ट करायचे, पण धुळीतलं नेमकं काय बाधतंय त्यावर बोट ठेवायला १९६४ उजाडलं, तेव्हा नेदरलँड्समधल्या संशोधकांनी माइट पकडला, म्हणजे धुळीत राहणारा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा बारीक जीव.

१९८० मध्ये त्यातलं ऍलर्जी करणारं मुख्य प्रोटीन वेगळं काढलं, आज त्याला डेर पी १ म्हणतात. पुढच्याच वर्षी कळलं की ते जास्त करून माइटच्या विष्ठेतून येतं. आणि १९८८ ला त्याचा जीन वाचला तर हे निघालं पपेनच्या भावकीतलं! मटण लवकर शिजावं म्हणून आपण कच्ची पपई लावतो ना, तेच पपेन. आपल्या अंगावरून झडलेला कोंडा माइट खातो, तो पचवायचा हा एन्झाइम.

आता नंबरांचा घोळ. माइटच्या ऍलर्जी करणाऱ्या प्रोटीनना डेर पी १, डेर पी २ असे नंबर आहेत. १ म्हणजे सगळ्यात जहाल, २ त्याच्या खाली, असं लोक धरून चालतात. तसं काही नाही, ढोबळमानाने जसे सापडले तसे नंबर पडत गेले. त्यामुळे ३ ट्रिप्सिन, ४ अमायलेज, ६ कायमोट्रिप्सिन, सगळी पोटातली, पचनाची मंडळी, आणि मधेच २ नंबर बसलाय जो एन्झाइमच नाही, तरी माइटची ऍलर्जी असलेल्या बहुतेकांच्या रक्तात त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी सापडतात. १९९९ मध्ये डेर पी १ श्वासनलिकेच्या पेशींमधले टाके उसवतो असं प्रयोगात दिसलं, तेव्हापासून "एन्झाइम आहे म्हणूनच ऍलर्जी" म्हणणारे जोरात. मला हे अर्धंच पटतं, कारण मग २ नंबरचं काय? त्याचं कोडं २००९ ला थोडं सुटलं, बॅक्टेरियाची चाहूल घेणाऱ्या आपल्याच एका प्रोटीनची तो नक्कल करतो. म्हणजे ऍलर्जीचे रस्ते निदान दोन तरी आहेत.

औषध फवारून किंवा कडक उन्हात टाकून माइट मरतात, पण विष्ठेचे गोळे तिथेच राहतात. एकेक साधारण २० मायक्रॉनचा, जड, त्यामुळे हवेत फार वेळ तरंगत नाही, अंथरूण झटकलं की तेवढ्यापुरता उडतो. आजीच्या वेळी नवरात्राआधी वाकळा नदीवर नेऊन आपटून धुवायचे, त्यात हे गोळे पाण्याबरोबर वाहून जायचे. आता आपण गच्चीवर नुसत्या वाळत घालतो.