कृषी पर्यटन आणि जमिनीवरचा भार (ठाणे जिल्हा)

शेतावर, वाडीत किंवा रानालगतच्या जागेत पाहुणे उतरवताना तिथले पाणी, माती, झाडझाडोरा आणि रानातले जीव यांच्यावर पडणारा भार शक्य तितका कमी कसा ठेवावा, हा कृषी पर्यटनातला प्रश्न आहे. ठाणे जिल्ह्यात हा प्रश्न मुख्यतः शहापूर आणि मुरबाड तालुक्यांचा आहे. ठाणे, कल्याण, नवी मुंबईहून माहुली, सिद्धगड हे किल्ले आणि माळशेज घाटाकडे शनिवार-रविवारी मोठी रीघ लागते. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले. त्यात पाहुण्यांची सोय हा शेतीचा जोडधंदा मानला आहे. शेती पडीक आणि खोल्या भरलेल्या, असे झाले की जोड उरत नाही.

सगळ्यात आधी पाणी. इथे वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. खाली काळा कातळ, त्यामुळे पाणी मुरते थोडे, वाहून जाते फार. मुंबईला पाणी देणारे तानसा आणि भातसा ही धरणे याच शहापूर तालुक्यात आहेत आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघत बसतात. अशा ठिकाणी पाहुण्यांचा आकडा खाटा मोजून ठरवणे अन्यायाचे आहे. तो मे महिन्यातल्या विहिरीने ठरवावा.

हिशेब सोपा आहे. संध्याकाळी उपसा थांबवून दोरीला गाठ मारायची आणि सकाळी पाणी किती चढले ते बघायचे. दहा फूट व्यासाच्या विहिरीत रात्रभरात हातभर, म्हणजे दीड फूट पाणी चढले, तर ते सुमारे ३,३०० लिटर होते. घर, गुरे आणि परसातला भाजीपाला यांचे दोन हजार बाजूला काढले आणि माणशी शंभर लिटर धरले, तर तेरा माणसांपुरतेच उरते. तेही आंघोळ बादलीने केली तर. पोहण्याचा तलाव या हिशेबात कुठेच बसत नाही. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सव्वा मीटरला किंचित कमी खोल तलावात साठ हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरचे सहा टँकर पाणी जाते. शेजारच्या पाड्यावर बायका हंडा घेऊन उभ्या असताना असा तलाव भरू नये.

मोरीचे पाणी केळी, अळू आणि कर्दळीला सोडण्याची जुनी पद्धत आजही उत्तम आहे. मात्र स्वयंपाकघरातले तेलकट पाणी आधी छोट्या गाळटाकीतून न्यावे, नाहीतर मातीची छिद्रे बुजतात आणि वाफा नासतो. शौचालयाला जुळे शोषखड्डे स्वस्त पडतात. एक वापरात असताना दुसऱ्यातल्या मैल्याचे खत होते. पण कातळाला भेगा असतील, तर खड्ड्यातले पाणी न गाळताच विहिरीत उतरते आणि पावसाळ्यात भूजल वर आले की खड्डे तुंबतात. तिथे बंद सेप्टिक टाकी आणि तिच्यापुढे खडी-वाळूत लावलेला कर्दळीचा वाफा करावा. टाकी आणि वाफा ही दोन्ही विहिरीपासून उताराच्या खालच्या अंगाला हवीत.

रात्रीचा अंधारही जपण्याची गोष्ट आहे. मेअखेरीपासून पहिल्या पावसापर्यंत काजवे लुकलुकतात. नर चमकतो आणि मादी उत्तर देते, त्यावर त्यांची वीण चालते. अंगणात हॅलोजन लागला की ही बोली बुडते. माद्या, अंडी आणि अळ्या ओल्या गवतात, मातीत असतात, म्हणून झाडाखाली गर्दी करून तुडवातुडवही करू नये. दिवे पिवळसर, खाली झाकलेले असावेत आणि जेवणे आटोपली की मालवावेत. उघड्यावर लाऊडस्पीकरला रात्री दहा ते सकाळी सहा कायद्यानेच बंदी आहे.

बांधकामात भातखाचर बुजवून वाहनतळ करणे सर्वांत घातक, कारण बांधांमुळेच पावसाचे पाणी शेतात थांबते. अंगण मुरमाचे आणि सारवलेले ठेवावे. हल्ली गावरान दिसावे म्हणून कारवी या रानझुडपाच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती घालतात. कारवी आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी टाकते आणि मरते. ठाणे शहरालगतच्या येऊरच्या डोंगरात ती २०१६ आणि २०२४ साली फुलली. फुलण्याआधी तोडलेली कारवी बी न टाकताच जाते. बहरानंतर वाळलेल्या काठ्याच, त्याही वनखात्याच्या परवानगीने घ्याव्यात.

बऱ्याच पाड्यांवर घंटागाडी येत नाही. राज्यात प्लास्टिकच्या ताटवाट्यांवर २०१८ पासून बंदी आहे, पण बाजारातल्या अनेक पत्रावळींना आतून प्लास्टिकचा पापुद्रा असतो. पळसाची टाचलेली पत्रावळ घ्यावी. ती सहज कुजून खत होते. पाणी माठातले द्यावे. पाहुण्यांनी आणलेली वेष्टने त्यांच्याच पिशवीत परत जावीत, हे येण्याआधीच सांगावे.

येण्याजाण्याला आसनगाव, आटगाव, खर्डीपर्यंत लोकल आहे. तिथून गावातल्याच जीपने आणल्यास मोटारींची रांग टळते आणि चार पैसे गावात राहतात.

जेवणात शेवळाची भाजी ठेवायची तर बेताने. पहिल्या पावसाआधी-नंतर जमिनीतून वर येणारा तो फुलोरा कातकरी, ठाकर बायका काकड या रानझाडाच्या फळांसह बाजारात आणतात. मागणी वाढून रानातले सगळे कोंब ओरबाडले, तर बी धरायला काही राहत नाही. भाजी त्यांच्याकडूनच, त्या सांगतील त्या भावाने आणि त्या आणतील तेवढीच घ्यावी.

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत पाहुण्यांना चिखलात उतरायची हौस असते. त्यासाठी एकच खाचर राखून ठेवावे आणि एका वेळी चार-पाच जणांनाच उतरवावे. बाकीच्यांनी बांधावरून बघावे, कारण तुडवलेली रोपे पुन्हा उभी राहत नाहीत.