कणकुंबी ते बेळगाव, व्हाया आकाश

दरवर्षी जुलै लागला की आमच्या बेळगाव भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. ‘पूर आला, नेटवर्क गेलं तरी चिंता नको. ऑनलाइन वॉकी-टॉकीची जोडी मागवा. रेंज ५० किलोमीटर, रिचार्जची कटकट नाही.’ यंदा तो मला एकाच दिवसात तिघांनी पाठवला. त्यातला एक माझा मावसभाऊ, खानापूर तालुक्यातल्या जंगलपट्ट्यात राहणारा. मी त्याला लगेच फोन केला आणि सांगितलं, घेऊ नकोस, तुझ्या घरामागे डोंगर आहे, त्याच्या पलीकडे त्या सेटचा आवाज जायचा नाही. त्यावर तो म्हणाला, “मग दादा, पुराच्या वेळी ते हॅम रेडिओवाले डोंगरातनं बोलतात, ते कसं?”

प्रश्न अगदी नेमका होता. फोनवर त्याला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख.

आधी फोन का मुके होतात ते पाहू. मोबाइल बिनतारी आहे असं आपण म्हणतो, पण नक्की बिनतारी असतो तो हातातल्या फोनपासून टॉवरपर्यंतचा टप्पा. पुढे बराचसा कारभार तारांचा. टॉवरला वीज लागते. ती गेली की बॅटरी काही तास तग धरते, मग डिझेल जनरेटर. रस्ताच पाण्याखाली गेला तर डिझेल पोचवणार कोण? टॉवरला जोडणारी फायबर केबल बऱ्याचदा पुलाच्या अंगाने नेलेली असते आणि पुरात पहिला मार बसतो तो पुलालाच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा एकदमच फुगल्या. निपाणी-कोल्हापूर दरम्यानचा महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. चिकोडी, अथणी, रायबाग भागातली गावंच्या गावं पाण्याने वेढली गेली. अशा वेळी एका टॉवरवर दहापट लोक एकाच क्षणी फोन लावत असतात. यंत्रणा शाबूत असली तरी ती तुंबते.

हॅम रेडिओत अशी मधली यंत्रणाच नसते. इकडे एक सेट, तिकडे एक सेट, आणि मध्ये निसर्ग. हॅम म्हणजे हौशी बिनतारी संदेशक. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन, परवाना आणि ‘व्हीयू’ने सुरू होणारी स्वतःची कॉल साइन, म्हणजे केंद्राचं ओळखनाव, घेऊन, पदरच्या पैशाने केंद्र चालवणारी माणसं. वयाची बारा वर्षं पूर्ण झाली की परीक्षेला बसता येतं. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद या हॅम आपल्या गटासह पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. अंदमानातून जगभरच्या हौशींशी संपर्क करण्याच्या मोहिमेवर त्या गेल्या होत्या. बेटांवरचे फोन बंद पडले आणि हौसेसाठी नेलेले सेट निरोपांसाठी राबू लागले. आपला माणूस जिवंत आहे एवढंच कळवणाऱ्या निरोपांसाठी.

पण अंदमान ते मुख्य भूमी हा बाराशे-तेराशे किलोमीटरचा मामला. आमच्याकडची अडचण वेगळी आहे. इथे निरोप लांब न्यायचा नसतो. तो जवळच न्यायचा असतो, पण मध्ये सह्याद्री आडवा येतो.

हातातले सेट साधारण १४५ मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या आसपास चालतात, म्हणजे लहर सेकंदाला साडेचौदा कोटी वेळा झुलते. या लहरी टॉर्चच्या उजेडासारख्या सरळ जातात. नजर पोचेल तिथवर त्या पोचतात, फार तर क्षितिजाच्या थोड्या पुढे. अशाच पाच वॅटच्या सेटवरून हॅम लोक ४०० किलोमीटर उंचीवरच्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाशी बोलतात, कारण मध्ये आडवं काही नसतं. राजहंसगडावर उभं राहा, बेळगाव शहर सहज मिळेल. चिकोडी-अथणीकडच्या सपाट काळ्या रानात उंच खांब असला तर हे सेट चांगलं काम देतात. पण जांबोटी सोडून चोर्ल्याच्या दिशेने निघालात की दोन वळणांत सगळं शांत.

काही वर्षांमागे भर पावसात आम्ही चौघं सरावासाठी कणकुंबीला गेलो होतो. मलप्रभा जिथे उगम पावते ते हे गाव, आणि बेळगाव जिल्ह्यातला सर्वांत मुसळधार पाऊस याच टापूत पडतो. हातातल्या सेटवर नुसती खरखर. मग दोन फणसांच्या मध्ये वीस मीटर तांब्याची तार बांधली. मधोमध कापून तिथे सेटकडे येणारी कोॲक्स केबल जोडलेली. हीच आमची अँटेना. उंची किती, तर चार मीटर. घरामागे कपडे वाळत घालायची दोरी असते, तिच्याहून थोडी वर. आमच्यातला सर्वांत तरुण पोरगा झाडावर चढायला निघाला होता, “आणखी वर बांधूया” म्हणून. त्याला खाली उतरवलं. सेट ७.१ मेगाहर्ट्झवर लावला आणि बेळगावातल्या सोबत्याला हाक दिली. तो शेजारच्या खोलीत बसल्यासारखा बोलला. त्याच्या मागोमाग कोल्हापूरहून एक आवाज आला, मग हुबळीहून. आणि तिघांचा आवाज जवळजवळ सारखाच मोठा! बेळगाव तिथून सरळ रेषेत पस्तीसेक किलोमीटर, कोल्हापूर तिप्पट लांब. आवाज सारखा कसा?

पावसाळ्यात वीज गेली की आपण मोबाइलचा टॉर्च लावून जमिनीवर उभा ठेवतो, तोंड छताकडे करून. समोर धरला तर कपाटामागे काळोख राहतो. छताकडे केला की उजेड छतावर आपटून खोलीभर सांडतो, कपाटामागेही पोचतो. आमची तार हेच करत होती. तिने आवाज डोंगराकडे न फेकता सरळ वर फेकला. वर ३०० किलोमीटरवर एक छत आहे. त्यावरून तो परतला आणि पाऊस पडावा तसा आजूबाजूच्या तीन-चारशे किलोमीटरच्या मुलखात उतरला. वरून येणाऱ्याला डोंगर आडवा येत नाही. हिशेब करून पाहा. कणकुंबीहून बेळगावला पोचायला लहर जमिनीशी जवळजवळ ८७ अंशांचा कोन करून वर गेली आणि एकूण ६०१ किलोमीटर चालली. कोल्हापूरला पोचायला ६१०. फरक दोन टक्केसुद्धा नाही, म्हणून आवाज सारखा. वेळ म्हणाल तर एका सेकंदाचा पाचशेवा भाग.

हे छत सूर्य बांधतो. त्याच्या अतिनील किरणांनी वरच्या विरळ हवेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात. या थराला आयनांबर म्हणतात. रेडिओ लहर तिथे शिरली की सुटा इलेक्ट्रॉन तिच्या तालावर झुलू लागतो. आणि झुलणारा इलेक्ट्रॉन म्हणजे स्वतःच एक इवलासा ट्रान्समीटर. अशा असंख्य इलेक्ट्रॉनांनी मिळून फेकलेली लहर मूळ लहरीला पुढे जाताना खोडून काढते आणि मागे मात्र जोमाने परत पाठवते. लहर संथ, म्हणजे कमी वारंवारतेची असेल तर इलेक्ट्रॉनाला झोका घ्यायला वेळ मिळतो. लहर फार चपळ असेल तर तो जागचा नीट हलायच्या आत ती उलटी फिरते, मग छत तिला अडवू शकत नाही. हॅमच्या १४५ मेगाहर्ट्झच्या लहरी अशाच निसटून अंतराळ स्थानकापर्यंत जातात.

सीमारेषा कुठे, याचं एक फार सुंदर सूत्र आहे. एका घनमीटरमध्ये किती सुटे इलेक्ट्रॉन आहेत ती संख्या घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला ९ ने गुणा. जे उत्तर येईल तेवढे हर्ट्झ. इलेक्ट्रॉन एकावर बारा शून्यं इतके असतील, तर वर्गमूळ दहा लाख आणि उत्तर ९ मेगाहर्ट्झ. म्हणजे ७ मेगाहर्ट्झची लहर सरळ वर सोडली तर परत येणार, १४ ची नाही. तिरकी सोडली तर १४ चीही परत येते, पण ती शेकडो किलोमीटर पलीकडे उतरते. उंच मनोऱ्यावरच्या अँटेनाचं असंच होतं. दिल्ली मिळते आणि खानापूर मिळत नाही, कारण मधला मुलूख लहर ओलांडून जाते.

आता त्या झाडावर चढणाऱ्या पोराचा प्रश्न. तार खाली का ठेवायची? इथे जमीन आरशाचं काम करते. तारेतून निघालेली अर्धी ऊर्जा वर जाते, अर्धी खाली. खालची जमिनीवर आपटून परतते, पण परतताना उलटी होते, शिखराच्या जागी दरी आणि दरीच्या जागी शिखर. ७.१ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४२ मीटर. तार दहा मीटरवर असेल तर खाली जाऊन परत वर यायला वीस मीटर लागतात, म्हणजे जवळपास अर्धी लांबी. अर्ध्या लांबीच्या उशिराने ती पुन्हा एकदा उलटी होते. दोनदा उलटी झाली म्हणजे सुलटी झाली. ती वर जाणाऱ्या लहरीच्या हातात हात घालून निघते. आता हौसेने तार वीस मीटरवर चढवा. फेरा चाळीस मीटरचा, म्हणजे जवळजवळ पूर्ण लांबी. उशिराने होणारं उलटणं गेलं, जमिनीने केलेलं तेवढं उरलं. वर जाणारी आणि जमिनीवरून परतलेली एकमेकींना मारतात, आणि नेमकी डोक्यावरची दिशाच मुकी होते! चार मीटरवर मेळ दहा मीटरइतका पक्का बसत नाही, थोडी ऊर्जा खालच्या जांभ्याला ऊब देण्यात जाते, पण रोख वरचाच राहतो. संकटात चार मीटर पुरे. ओल्या फणसावर दहा मीटर चढून माणूस पडला तर आपणच एक संकट वाढवलं.

छताखाली एक जळमटही आहे. ६० ते ९० किलोमीटर उंचीच्या पट्ट्यात दिवसा आणखी एक थर तयार होतो. तिथे हवा दाट, त्यामुळे झुलणारा इलेक्ट्रॉन शेजारच्या रेणूवर आदळतो आणि लहरीची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. लहर जितकी संथ तितकं नुकसान जास्त. मावळतीनंतर हा थर पाहता पाहता विरतो. दिवसा नुसती खरखरणारी मुंबई आकाशवाणी रात्री आमच्या घरच्या रेडिओवर लख्ख लागायची, ती याचमुळे. म्हणजे वारंवारता निवडताना दोन बाजू सांभाळायच्या. वरच्या छतातून निसटेल इतकी चपळ नको, खालच्या जळमटात अडकेल इतकी संथ नको. याच खालच्या हवेतले वारे मोजणारं एक रडार आमच्या शेजारी कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठाच्या आवारात आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं. आमच्याकडच्या शाळांच्या सहली पन्हाळ्याला जातात, त्यांनी वाटेत ते बघायला परवानगी मागावी असं मला फार वाटतं.

आयनांबराचं नाव काढलं की हल्ली कुणीतरी अलास्कातल्या ‘हार्प’चा व्हिडिओ पाठवतं. तिथून लहरी सोडून महापूर आणि भूकंप घडवतात म्हणे. हार्प हे खरंखुरं संशोधन केंद्र आहे, आणि ते आयनांबराचा छोटासा तुकडा थोडा वेळ तापवून अभ्यासतं. पण आपला पाऊस पडतो तो जमिनीपासून पंधरा-सोळा किलोमीटरच्या आतल्या ढगांतून. आयनांबर त्याच्या कितीतरी वर, आणि तिथली हवा इतकी विरळ की तिच्यात ढग धरवायचं बळच नाही. २०१९ चा पूर आणला तो घाटमाथ्यावर दिवसेंदिवस कोसळलेल्या पावसाने. पुराच्या रात्री असले व्हिडिओ आणि ‘धरण फुटलं’च्या अफवा पुढे पाठवणारे लोक खऱ्या निरोपाची वाट अडवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कारण खरा निरोप फार काळजीने न्यावा लागतो. खरखरीतून आलेलं ‘काग...’ हे कागल की कागवाड? दोन्ही गावं नदीच्या टापूत, एक महाराष्ट्रात, एक कर्नाटकात. शिरोळ, शिरोली आणि खानापूर तालुक्यातली शिरोली यांची गल्लत झाली तर बोट भलत्याच जिल्ह्यात जाईल. म्हणून निरोप आधी कागदावर लिहायचा. गाव, तालुका, माणसं किती, आजारी किती, औषध कुठलं. मग सावकाश वाचायचा. ऐकणाऱ्याने लिहून घेऊन शब्दन् शब्द परत वाचून दाखवायचा. मराठी, कन्नड, इंग्रजी, ज्याला जे नीट कळेल त्यात. गावाचं नाव अडलं तर एकेक अक्षर फोडून सांगायचं.

मावसभावाला आता मी कळवलं आहे की वॉकी-टॉकीच्या पैशात परीक्षेची पुस्तकं घे. ४४६ मेगाहर्ट्झचे कमी शक्तीचे सेट परवान्याशिवाय चालतात, ते शेतातल्या शेतात ठीक. बाकीचे बहुतेक विनापरवाना वापरणं गुन्हा आहे. परवाना हाती आला की दहा वॅटचा छोटा सेट पुरतो. ऐकताना तो अर्ध्या अँपिअरहून कमी खातो, बोलताना दोनेक अँपिअर. दहा मिनिटांत एक मिनिट बोललं तर ७ अँपिअर-तासांची लहान बॅटरी दहा-अकरा तास चालते, आणि ट्रॅक्टरची जोडली तर दिवसेंदिवस.

आणि पिशवीत तारेचे आणखी दोन दहा-दहा मीटरचे तुकडे, टोकाला चिमटे लावून. रात्र चढत जाते तसे वरचे इलेक्ट्रॉन कमी होतात, छत पातळ होतं आणि ७ मेगाहर्ट्झ त्यातून निसटू लागतं. समोरच्याचा आवाज आधी लाटांसारखा वरखाली होतो, मग बुडतो. तेव्हा ३.५ वर उतरायचं, आणि त्यासाठी तार दुप्पट लांब लागते. कणकुंबीला त्या रात्री आम्ही नऊच्या सुमाराला हे तुकडे जोडले, विजेरी दातांत धरून, भिजलेल्या हातांनी. किती वाजता कुठल्या वारंवारतेवर जायचं ते बेळगावच्या सोबत्याशी दुपारीच ठरलेलं होतं. सेट फिरवला तेव्हा तो तिथे आधीच आम्हाला हाका मारत होता.