गाण्याचे टेक: रेकॉर्डिंगला येण्याआधी वाचा

पूर्ण गाणं एका दमात, कुठेही न चुकता यावं असं सगळ्यांनाच वाटतं. आलं तर उत्तमच. पण आम्ही साधारणपणे गाणं सलग तीन-चार वेळा गाऊन घेतो (असं एकदा रेकॉर्ड केलेलं गाणं म्हणजे एक टेक) आणि मग ओळीओळीचा चांगला टेक निवडून एक गाणं जोडतो. स्टुडिओच्या भाषेत याला कॉम्पिंग म्हणतात. यात फसवाफसवी काही नाही, आवाज तुमचाच असतो.

आमच्याकडे रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आहे. त्याच्या २०२३ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीत सगळे टेक एकाखाली एक पट्ट्यांत दिसतात. ज्या टेकचा जेवढा भाग हवा तेवढ्यावरून माउस ओढला की तो अंतिम गाण्यात येतो, बाकीचे जागच्या जागी राहतात. त्यामुळे ‘तो उडवून टाका हो’ म्हणालात तरी आम्ही उडवत नाही. बिघडलेल्या टेकमध्येच एखादी ओळ झकास सापडते. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ या दर्जाला एका माइकचं एक मिनिट जेमतेम साडेआठ एमबी होतं, म्हणजे जागेची चिंता नाही. चिंता कानांची. सात-आठ टेक ओळीने ऐकले की फरक कळेनासा होतो. अशा वेळी आम्ही चहा सांगतो.

शब्दांच्या दोन प्रती आणा, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून. टेक संपला की लगेच ओळीपुढे त्याचा क्रमांक आणि खूण करायची: बरोबर, फुली किंवा प्रश्नचिन्ह. ‘दुसरा अंतरा, पहिली ओळ टेक ३, शेवटचा शब्द टेक १’ एवढं लिहिलेलं असलं तरी नंतरचा तासभर वाचतो, आणि तास तुमच्या खिशातून जातो.

निवडताना आधी शब्द आणि भाव बघा. किंचित उतरलेला सूर नंतर सावरता येतो. ‘चंद्र’ आणि ‘चांदणं’ यांतला च एकसारखाच काढला असेल, तर त्यावर आमच्याकडे औषध नाही.

जोड श्वासाजवळ देतो, नाहीतर क, त, प अशा अक्षरांच्या आधी. तिथे आवाज क्षणभर थांबतो. श्वास ज्या टेकचा, ओळही त्याच टेकची ठेवतो, नाहीतर ऐकणाऱ्याला खटकतं. मींड, तान, लांबवलेला आकार मधे कापत नाही. ती जागा हवी असेल तर अख्खी एका टेकमधून घ्यावी लागते.

पेटी-तबला त्याच खोलीत वाजत असेल तर तुमच्या माइकमध्ये तोही शिरतो, मग एकटा आवाज बदलता येत नाही. तानपुऱ्याचंही तेच, म्हणून तो हेडफोनमध्ये देतो. क्लिकशिवाय, म्हणजे कानात लयीची टिकटिक न घेता गायलात तर प्रत्येक टेकची लय थोडी वेगळी पडते. तेव्हा ओळी सोडा, अख्खे अंतरेच निवडावे लागतात.

घरून टेक पाठवणार असाल तर वेव्ह (.wav) फाइल पाठवा आणि प्रत्येक फाइल साथीच्या ट्रॅकच्या पहिल्या क्षणापासून सुरू होऊ द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज नको, डॉक्युमेंट म्हणून टाका.

जोडलेलं गाणं ऐकून एखादी ओळ बदलावीशी वाटली, तर कागद बघून ओळ आणि टेकचा क्रमांक कळवा. त्यासाठी पुन्हा गायला यायची गरज नाही.